मनोऱ्यातलं दार

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एप्पो व्हिरसुम ओल्डरवेर गावच्या चर्चमध्ये मोजायची फीत धरून उभा होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या या भागात तो तीस वर्षं घरं विकतोय, चर्च पहिलंच. घराची किंमत ठरवायची त्याची पद्धत म्हणजे चुलीपाशी उभं राहून चौफेर बघायचं. इथे चूल नव्हती. खोली एकच, आणि फरशीखाली सतराव्या शतकातले जमीनदार पुरलेले. त्यांच्यामुळे किंमत चढते की उतरते, हे त्याला कळेना.

"जाहिरातीत त्यांचं काय लिहू?"

"लिही, शेजार शांत आहे," फेन्नाबाई म्हणाल्या. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. लहानपणी प्रार्थनेत पेंगणारा एप्पो त्यांना अजून आठवतो.

"बरं, मनोऱ्याची उंची?"

"तुला कशाला? मनोरा नगरपालिकेचा. इथे फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हापासून. चर्च तेवढं आपलं."

एप्पोने फीत गुंडाळली. "पण दार तर मनोऱ्यातच आहे."

"तिथेच आहे."

"अहो, मग घेणारा आत कसा जाणार?"

"आपण आलो तसा. चालत."

"दुसऱ्याच्या मालकीतून?"

"आम्ही दोनशे वर्षं जातोय. कुणी अडवलं नाही."

"तुम्ही कर्ज काढून जात नव्हता, बाई! बँक आधी दार बघते."

उत्तरेच्या भिंतीत जुनं दार होतं, पण विटांनी बुजवलेलं. इमारत संरक्षित, वीट काढायलाही परवानगी लागते. चर्चच्या मंडळीत उरलेत अकरा जण, आणि चर्च तापवायला आणखी एका हिवाळ्याचा गॅस त्यांना झेपणार नाही. वर्षभरात चौकशी एकाच जोडप्याने केली. मडकी घडवणारे आहेत, उट्रेख्टचे. ते उद्या दहाला बघायला येणार.

एप्पोने नगरपालिकेला फोन लावला. इमारत विभाग म्हणाला, दार आमचं, जाण्यायेण्याचा हक्क रस्ते विभागाकडे. रस्ते विभागाने विचारलं, "दाराच्या आत रस्ता आहे का?"

एप्पोने आत बघितलं. "चटई आहे."

"मग आमचं नाही."

त्याने फोन ठेवला, किमतीचा आकडा खोडला, पुन्हा तोच लिहिला आणि परत खोडला.

"तुला नगरपालिकेचा माणूसच हवाय ना?" फेन्नाबाईंनी त्याच्या पेल्यात कॉफी ओतली. "मग उद्या लवकर ये, दाराचं त्यालाच विचार."

दर गुरुवारी सकाळी साडेआठला नगरपालिकेचा माणूस मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायला येतो. त्या दाराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.