जास्तीच्या पैशांचं भय

देवाला भिणारी माणसं आमच्या हिंगोलीकडे पुष्कळ सापडतील, पोलिसाला भिणारी त्याहून जास्त. पण जास्तीच्या पैशाला थरथर कापणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बायकोचा सख्खा मामा होता. साध्या माणसाला पैसा कमी भरला की घाम फुटतो. मामांना तो जास्त भरला की फुटायचा. एकदा वाण्याने चुकून पाच रुपये जादा परत दिले, तर हा माणूस भर उन्हात अर्धा गाव चालत परत गेला, आणि वाणी जेवायला गेलाय म्हटल्यावर त्याच्या ओट्यावर ती पाचाची नोट दोन बोटांत धरून तासभर बसला. खिशात ठेवली असती तर ती आपल्या पैशात मिसळली असती, असं त्यांचं म्हणणं.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मामा तीसेक वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते; साखरा, जवळा बाजार, डोंगरकडा असल्या खडखडाटी रस्त्यांवर त्यांचा जन्म गेला. ड्यूटीवर चढण्याआधी कंडक्टरने स्वतःच्या खिशातले पैसे कागदावर लिहून द्यायचे, असा तिथला नियम. मग कुठल्याही फाट्यावर तपासणीवाले चढत, पिशवी मोजत आणि तिकिटांशी ताळा घालत. कमी भरले तर पदरचे घालून सुटता येई. जास्त भरले तर मात्र कुणाकडून तरी तिकीट न देता पैसे घेतले असा अर्थ निघे आणि नोकरीच धोक्यात येई. मामांवर अशी पाळी एकदाही आली नाही, पण ती येईल या भीतीत त्यांनी तीस वर्षं काढली. पुढे ते रिटायर झाले, गाडीतून उतरले. तपासणीवाले मात्र त्यांच्या मनातून काही उतरले नाहीत. देवाची कल्पनासुद्धा त्यांनी त्यावरूनच बसवून घेतली होती. "जावईबापू," ते मला म्हणायचे, "प्रभू म्हंजे चेकर हाय. कोणत्या फाट्यावर चढल, सांगता येत न्हाई. आपली पिशवी बराबर पाह्यजे." पाळकसाहेब रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या प्रीतीवर कितीही गोड बोलले तरी मामा बाकावर खिसे चाचपतच बसलेले असायचे.

नव्वदीच्या दशकात, हिंगोली अजून परभणीतून फुटून वेगळा जिल्हा व्हायचा होता तेव्हा, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काही जणांनी घरसंसार सावरण्यासाठी एक संस्था काढली. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून चिटणीस झालो. मामा खजिनदार झाले, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. चर्चच्या बाजूच्या खोलीत आम्ही आमची श्रद्धा पत्र्यावर रंगवून लावली: लग्न देवाने जोडलेलं आहे, ते जन्माचं, घरात रोज एकत्र प्रार्थना व्हावी, दारू नको, हुंडा नको. पाळकसाहेबांना एवढं पुरेसं वाटत होतं. मामांनी हट्टाने आणखी दोन कलमं घालायला लावली. नवराबायकोने एकमेकांपासून पैसा लपवू नये, हे एक; आणि संस्थेचा हिशेब कुणीही, कधीही मागावा, हे दुसरं. "जिथं पैसा लपत न्हाई, तिथं भेव ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. त्यांचा सगळा धर्म या एका वाक्यात मावत होता. त्या पत्र्याखालच्या वहीत पहिली सही त्यांनी केली आणि दुसरी मामींनी.

त्यानंतर आमचे जे हाल झाले ते आम्हालाच ठाऊक. खोलीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने खिशातली स्वतःची रक्कम वहीत लिहायची, असा मामांनी नियमच करून टाकला. बायकोने वांगी आणायला दिलेली दहाची नोट मी एकदा लिहायची विसरलो, तर मामांनी सभा थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की न केलेल्या चोऱ्यासुद्धा मला आठवायला लागल्या. हंगामाच्या सणाला मंडळीतली माणसं शेतातलं, घरातलं काहीबाही अर्पण करतात आणि चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. घेणारा पैसे भरून वस्तू पुन्हा अर्पण करतो, ती पुन्हा विकली जाते. त्या वर्षी एकच कोंबडी पाच वेळा विकली गेली. मामांनी पाच पावत्या फाडल्या, आणि पाच कोंबड्या विकून एकच कशी जमा झाली असं उद्या कुणी विचारलं तर, या धसक्याने 'सदर कोंबडी एकच होती' असा दाखला लिहून त्यावर पाळकसाहेबांची सही घेतली. कोंबडीला शिजवून खाऊन झालं तरी दाखला फाइलीत होता.

पण या भित्र्या माणसाची हिंमतही मी पाहिली आहे. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आम्ही टेबल मांडून दारूबंदीची पत्रकं वाटायचो. त्या वर्षांत आमच्याबद्दल गावोगाव काहीबाही बोललं जाई, आणि आम्ही चारचौघांत जरा जपूनच बोलायचो. एके दिवशी पंधरा-वीस जण टेबलाभोवती येऊन उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "बाहेरून पैसा येऊन राहिला म्हणं तुमाला. काहून देतेत ते?" सटकायच्या विचाराने मी पत्रकं गोळा करायला लागलो. मामा माझ्याहून जास्त घाबरलेले होते. तरी त्यांनीच कंडक्टरची जुनी चामडी पिशवी उघडली, वही काढली आणि म्हणाले, "बसा. एप्रिलपासून वाचतो." आणि खरंच वाचायला लागले. पोस्टाची तिकिटं, खडू, मुलांच्या शाळेच्या फिया, कंदिलाची काच. जूनपर्यंत अर्धी माणसं गेली. ऑगस्टात विचारणारा एकटाच उरला, आणि तोही म्हणाला, "बास झालं काका, पटलं." मामांनी त्याला सोडलं नाही, मार्च अखेरपर्यंत ऐकवलं आणि ऐकल्याची सही घेतली.

भांडणं मिटवण्याची त्यांची तऱ्हाही तीच. नवराबायकोला समोरासमोर बसवायचं, मध्ये सतरंजी टाकायची, आणि दोघांनी आपापले लपवलेले पैसे तिच्यावर आणून ठेवायचे. मंडळीतलीच नाहीत, तांड्यावरची, गावातली, कुठलीही माणसं त्यांना बोलावून न्यायची. डोंगरकड्याला एका घरी नवऱ्याने फेट्यातून साठ रुपये काढले, बायकोने पिठाच्या डब्यातून सव्वाशे काढले, आणि दोघं एकमेकांकडे पाहून अशी हसायला लागली की भांडण कशावरून होतं तेच विसरली. परतताना गाडीत मामा फार खूश होते. "आमच्या घरी अशी सतरंजी कधी टाकाच लागली न्हाई," ते म्हणाले. मामींचं नाव घेताना त्यांचा आवाज नेहमीच मऊ होई. मामी मात्र मामा घरात आले की बोलता बोलता थांबत. ते माझ्या अनेकदा ध्यानात आलं होतं. पण जुन्या बायका असतातच तशा, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मग ते पत्र आलं. आमचा बराचसा खर्च शहरातल्या एका मोठ्या ख्रिस्ती संस्थेच्या मदतीवर चाले. त्यांनी कळवलं, की आमच्या तपासनीस येऊन वह्या आणि शिल्लक पाहतील. मेळ बसला तर मदत चालू, नाही तर बंद. बंद म्हणजे संस्थाच बंद, आणि आम्ही पैसे खाल्ले या बोलण्यावर कायमचं शिक्कामोर्तब. मी त्या दिवसापासून हिशेब करायला लागलो, की चिटणीसाच्या सहीला किती शिक्षा होते आणि ती भोगताना शाळेची रजा बिनपगारी धरतात की काय. मामांची अवस्था त्याहून वाईट. संस्थेच्या पैशांची पेटी ते घरी घेऊन गेले. सकाळी मोजत, दुपारी मोजत, जेवता जेवता उठून मोजत. दर वेळी आकडा वेगळा येई, कारण बोटं कापत. तपासणीच्या दिवशी सकाळी मोजताना "साडेतीनशे कमी" असं ते स्वतःशीच पुटपुटले, भिंतीला टेकून बसले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजून "न्हाई, बराबर हाय" म्हणत अंघोळीला गेले, आणि आल्यावर त्यांनी पेटीला कुलूप घातलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या गालांची हाडं वर आली होती, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्यावर हसू येईना.

तपासनीसबाई आल्या त्या साध्या सुती साडीतल्या, मितभाषी. त्यांनी पावत्या पाहिल्या, कोंबडीचा दाखला दोनदा वाचला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मग पेटी उघडून मोजायला लागल्या. खोलीत नाण्यांचा तेवढा आवाज. त्यांनी पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, "तीनशे चाळीस रुपये जास्त आहेत."

मामा खुर्चीचा हात धरून उभे राहिले, पुन्हा बसले. कमी भरले असते तर त्यांनी घर विकून भरले असते. जास्तीला त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका, रक्कम किरकोळ आहे. देणगी दाखवू."

"कुणाची?" मामा म्हणाले. "पावती कुणाच्या नावानं फाडू? बाई, माझी पिशवी जास्त भरली. तुमी आमची संस्था बंद करा."

मी खरंच घाबरलो. हा माणूस एका वाक्यात आम्हा सगळ्यांना बुडवायला निघाला होता. तेवढ्यात दारातून मामींचा आवाज आला. त्या चहा घेऊन आल्या होत्या. "मी टाकले त्यात," त्या म्हणाल्या.

मामींनी ट्रे खाली ठेवला आणि मामांकडे न पाहता, जमिनीकडे पाहत सांगितलं. साडेतीनशे कमी हे पुटपुटणं त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. गोधड्या शिवून साठवलेले पैसे त्यांनी ज्वारीच्या कणगीत ठेवले होते, कित्येक वर्षं. ते होते तेवढे मामा अंघोळीला गेल्यावर पेटीत टाकले. "यांनी पुन्हा मोजलं तवा मी मागं कणगीतून पैसे काढत होते. बराबर निघाले, हे न्याहारीला ऐकलं तवा उशीर झाला होता. काढायला गेले तर पेटीला कुलूप."

"मला काहून सांगितलं न्हाई?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"सांगितलं असतं तर पैसे कुठून आले ते सांगावं लागलं असतं. तुमी सतरंजी टाकली असती." मामी थांबल्या. "मला तुमचं भेव वाटतं."

किती घरांत या माणसाने लोकांना लपवलेले पैसे सतरंजीवर काढायला लावले होते, आणि स्वतःच्या घरातली कणगी त्यांना दिसली नव्हती. मला त्यांची दया आली, आणि मामींची तर फारच आली. मामांनी वही पुढे ओढली, तीनशे चाळीस रुपये जमा धरले, मामींच्या नावाने पावती फाडून त्यांच्या हातात दिली, आणि कारणाच्या रकान्यात आपल्या गोल अक्षरात लिहिलं: 'खजिनदाराच्या बायकोला खजिनदाराचे भय वाटते.' खाली सही केली. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "मेळ बसला. मदत चालू राहील." मग मामींना शेजारी बसवून घेऊन त्या चहा प्यायल्या.

मामांनी त्याच महिन्यात खजिनदारपद सोडलं. सगळ्यांनी विनवलं, पण ते म्हणाले, "आधी घरचं पाहतो." आणि पाहायला लागले तेही त्यांच्याच पद्धतीने. मामी कणगीकडे गेल्या की हा माणूस खोकत खोकत अंगणात जाई आणि बराच वेळ तिथेच उभा राही. गोधडीच्या पैशाबद्दल एक शब्द विचारायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि न विचारण्याच्या श्रमाने त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मामी कधी हसल्या, कधी मोठ्याने बोलल्या, की ते दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगत, जणू पगारवाढ झाली.

अशी दहा-बारा वर्षं गेली आणि मामा गेले, दोन दिवसांच्या तापाने. दफनविधी उरकून सगळे पांगले तेव्हा मी मामींजवळ बसलो होतो.

"जावईबापू, एक सांगते," त्या म्हणाल्या. "ते मला अधूनमधून विचारायचे, आता तर भेव न्हाई ना वाटत माझं? मी म्हणायचे, न्हाई. लई खूश व्हायचे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "थोडं वाटायचं. शेवटपर्यंत वाटायचं. पण पैसा कधी लपवला न्हाई नंतर, एवढंच लपवलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. मामा असते तर मी ही गोष्ट त्यांना कधीच कळू दिली नसती.