राजा कुठं हुता?

वसतिगृहाच्या फाटकाशी तात्या उभे होते. तात्या म्हणजे माझे चुलते. नगरला बाजाराला आले तरी ते कधी माझ्याकडे फिरकत नसत. त्यामुळे टोपी हातात घेऊन उभे असलेले तात्या दिसले तेव्हाच मला काहीतरी समजायला हवे होते. "सुमे, चल घरी. तुजी आय गेली," ते म्हणाले. आणि खरे सांगते, क्षणभर मला काही वाटलेच नाही. आई तर मी चार वर्षांची असतानाच गेली होती... ती बातमी आता का सांगतात, असा वेडा विचार मनात आला. मग तात्यांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि कळले. जिला मी आजवर मावशी म्हणत आले, तिला तात्या पहिल्यांदाच माझी आई म्हणत होते. ती जिवंत असताना आमच्या भावकीत हा शब्द कोणी तिला दिला नव्हता. दिला तो पुढे 'सावत्र' लावूनच.

या गोष्टीला काही आठवडे झाले. मी लेखिका नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेले नाही. तिच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, याची भीतीच वाटते. पण मावशी एक गोष्ट सांगायची. ती गोष्ट तिच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी हे धाडस करते आहे.

आमचे गाव पारनेर तालुक्यातले, पावसाच्या भरवशावर बाजरी पिकवणारे. मावशी आमच्या घरात आली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ती जेमतेम सतराची असेल. हळदीच्या अंगाने ती दारात उभी राहिली तेव्हा आत्याने, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दादांच्या, थोरल्या बहिणीने, मला पुढे ढकलून सांगितले, "हिला मावशी म्हनायचं. आय म्हनायचं न्हाई." मी मान हलवली, आणि मावशीनेही हलवली. त्याच दिवशी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक बांधला गेला. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. नवे लुगडे आधी त्या टाकाला लावायचे, सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा. नाहीतर गेलेली सवत आड येते म्हणतात. बायका हे भीतीने करतात. मावशी मात्र गप्पा मारत करायची, आणि सणालाच नाही, रोज. भाकरीचा तुकडा टाकाला टेकवून म्हणायची, "घ्या आक्का, पयला घास तुमचा. कोरड्यासात मीठ कमी असंल तर आत्ताच सांगा, मागनं कुरकुर नगं." आईचा फोटो आमच्याकडे नाही. मी मावशीच्या मांडीवर बसून तो टाक निरखत असे आणि आईचा चेहरा शोधत असे. नाक, डोळे, कपाळावरचे कुंकू... सोनाराने सगळ्याच बायकांचे जसे काढले असतील तसे. तरी मला ते आईचेच वाटत.

गोष्ट मूळची आत्याची. आत्या माहेरपणाला आली की आम्हा पोरांना भोवती बसवून सांगायची. एका राजाची राणी मरते. राजा दुसरी करतो. दुसरी राणी सवतीच्या पोरीच्या हातात चाळण देते आणि म्हणते, जा, पाणी भरून आण. पोर विहिरीवर रडत बसते. शेवटी देव पावतो आणि राणीला गाढवावर बसवून वेशीबाहेर काढतात. गाढवाचा भाग आला की आत्याचा आवाज चढायचा आणि नजर चुलीकडे जायची. चुलीशी मावशी असायची.

एकदा मावशी तापाने पडली होती आणि मी कोणाला न सांगता तिची मोठी घागर घेऊन आडावर गेले. मला शाबासकी हवी होती. येताना ठेच लागली, घागर पडली आणि माझे कपाळ फुटले. मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती, ती अशी की सावत्र आईने एवढ्याशा पोरीला पाण्याला पिटाळले. "सावत्रच ती, दुसरं काय हुनार?" असे शेजारणी आमच्या दारात उभ्या राहून बोलत होत्या. मावशी तापात उठली आणि तिने माझ्या कपाळाला हळद दाबली. पुढे ताप उतरल्यावर, एका संध्याकाळी मी चुलीपुढे बसून गोष्ट सांग म्हटले, तेव्हा तिने ती राजाराणीचीच गोष्ट काढली.

"राजानं दुसरी राणी केली. केवढी हुती गं ती?"

"मोठी," मी म्हणाले.

"मोठी कशानं? परकर सोडून लुगडं नेसल्याला वरीस झालं न्हवतं. निऱ्या पायात यायच्या तिच्या." ती भाकरी थापता थापता बोलत होती. "बरं, तिनं पोरीला चाळन का दिली?"

"वाईट हुती म्हनून."

"आगं, घरात घागरच न्हवती! सगळ्या घागरी राजाच्या घोड्यापाशी. घरात उरली ती चाळन. मग राणी म्हनली, पोरी, तू धर, मी लिंपते. दोघींनी चाळनीला गारा थापला, उन्हात वाळवला आन् गेल्या आडावर. निम्मं पानी गळलं, निम्मं घरी आलं. निम्म्यात भागवलं त्यांनी."

"मग गाढव?"

"गाढव माती वाहत हुतं. त्याला लई कामं हुती."

मी हसले. मग मला एक शंका आली. "मावशी, एवढं सगळं होईपर्यंत राजा कुठं हुता?"

तिचे हात थांबले. "ह्येच," ती म्हणाली, "ह्येच कुनी इच्यारत न्हाई बग." आणि परत भाकरी थापू लागली. बाहेर ओट्यावर दादा आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसले होते. ते रोज तिथेच बसत.

तेव्हापासून ती आमची रोजची गोष्ट झाली. पुढे माझी धाकटी बहीण शेवंती झाली, तीही ऐकू लागली. गोष्टीत प्रत्येक वेळी एका ठिकाणी थांबून आम्ही ओरडायचो, "राजा कुठं हुता?" आणि मावशी दर वेळी नवे उत्तर द्यायची. राजा शिकारीला गेल्ता. राजा मिशीला तेल लावीत हुता. राजा दुसऱ्या राजाच्या ओट्यावर पान खात हुता. आम्ही पोट धरून हसायचो. ती कधी त्या ओट्याकडे बघायची नाही. आमचे दादा वाईट नाहीत. त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. पण घरात काही बोलायची वेळ आली की ते उठत आणि "बैलास्नी पानी दावून येतो" म्हणून निघून जात.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात आत्याने स्थळ आणले. बागायतदार होता, कॅनॉलखालची जमीन. बिजवर, पदरात दोन वर्षांची मुलगी. आत्या म्हणाली, "नशीब काढलं पोरीनं." सगळे दादांकडे बघू लागले. दादा म्हणाले, "बैलास्नी पानी..." आणि गेले. मी दाराआड उभी होते. मला पुढे शिकायचे होते, पण तसे कोणाला म्हणायचे असते हेही मला माहीत नव्हते. मावशीला ते माहीत होते. तिने गळ्यातला टाक मुठीत धरला आणि म्हणाली, "हिच्या बी गळ्यात टाक बांधायचा व्हय वन्सं? आमच्या घरात एक बास हाय."

"तू कोन ठरवनार? तू काय तिची आय हायेस?"

"न्हाई की. सावत्र हाय. आन् सावत्र आय पोरीला घराबाहेर काढती, तुमीच सांगता न्हवं? मग मी काढती. नगरच्या कालिजात काढती."

गावाने तेच धरले. चांगले स्थळ मोडले, पोरीला घराबाहेर काढले. एस.टी.च्या थांब्यावर मला सोडायला ती आली तेव्हा पारावरचे लोक ऐकू जाईल असे बोलत होते. मावशीने भाकरीचे फडके टाकाला टेकवले, माझ्या हातात दिले आणि मोठ्याने म्हणाली, "जा बाई, राजा शिकारीला गेलाय, तवर पोच." मी रडत रडत हसले.

कॉलेजात पहिल्या वर्षी आमच्या मराठीच्या बाईंनी आपापल्या गावातली एकेक लोककथा सांगायला सांगितली. मी घाबरतच उभी राहिले आणि चाळणीची गोष्ट सांगितली. मुली हसल्या. बाई म्हणाल्या, "गोष्ट छान आहे, पण ही मूळची नाही. कोणीतरी बदललेली दिसते." त्या रागावल्या नव्हत्या, उलट कोणी बदलली हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पण मला ते नाव सांगताना संकोच वाटला, आणि मी खाली बसले. सुट्टीत मावशीला हे सांगितले तर ती म्हणाली, "बदलली कशाची? घागर गळायला लागली तर आपन डाग देतो, त्याला काय घागर बदलली म्हनत्यात? दुरुस्त केली म्हनावं तुज्या बाईला." परत गेल्यावर मी ते बाईंना सांगितले. त्या वेळी मात्र नावासकट. बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.

मग दुष्काळ आला. आमच्या आडाचा तळ दिसू लागला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही मावशीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. दुपारी भाकरी खायला बायका एका बाभळीखाली जमत. तिथे मावशीने ही गोष्ट सांगितली. सुरुवातीला बायका थट्टा करत होत्या. "सावत्र आय चांगली असती व्हय गं कुठं?" एकीने विचारले. "तुला ही गोष्ट सांगितली कुनी?" मावशी म्हणाली. "सावत्र आयनं तर न्हाई? तिला कुनी सांगूच दिली न्हाई. म्हनून मी सांगती." आणि जेव्हा ती म्हणाली की आता इच्यारा राजा कुठं हुता, तेव्हा सगळ्या एकदम हसल्या. मुकादम दचकून बघू लागला. एक बाई तेवढी हसली नाही. तिच्याही गळ्यात टाक होता. जाताना ती मावशीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "उद्या परत सांगशील? पयल्यापास्नं?"

या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा मावशीचे डोळे पिवळे होते. "कावीळ हाय, झाडपाल्यानं जाईल," ती म्हणाली. मी नगरच्या दवाखान्यात चल म्हटले. म्हणाली, "तुजी परीक्षा हू दे." थांब्यापर्यंत मात्र आली. भाकरीचे फडके टाकाला टेकवायला विसरली नाही... ती शेवटची भेट.

तेराव्याच्या दुपारी घर माणसांनी भरले होते. मावशीच्या गळ्यातून काढलेला टाक आत्याने एका ताटलीत ठेवला होता. "जिच्या गळ्यात हुता ती गेली, आता पान्यात सोडा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आत्याही रडून थकली होती, तिच्या बोलण्यात या वेळी टोमणा नव्हता. "सुमे, आता कालिज बास. शेवंती सहा वर्षांची. चूल कोन पेटवनार? तूच आता तिची आय." तात्यांनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. शेवंती माझ्या पदराला धरून बसली होती, तिच्याकडे पाहून मला नाही म्हणता येईना. माझे शिक्षण तिथे, त्या ओट्याच्या दोन हात अलीकडे, संपत होते. आणि दादा उठले. ते आता काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ होते. ते दारापर्यंत गेले. तात्या सवयीने म्हणाले, "जा, बैलास्नी पानी दावून ये."

दादा उंबऱ्यात थांबले. मग वळले.

"बैल मघाशीच पाजलेत," ते म्हणाले. "सुमी सोमवारी जाईल. चूल मी पेटवीन."

"बापई मानूस भाकरी थापनार व्हय?" आत्या म्हणाली. "गाव हसंल दादा."

"हसू दे. तिलाबी हसलंच की."

ते आत आले, ताटलीतला टाक उचलला आणि चुलीच्या वरच्या खुंटीला अडकवला. त्या दिवशी मी तो पुष्कळ दिवसांनी जवळून पाहिला. इतकी वर्षे मावशीच्या अंगाला घासून, तिच्या बोटांत फिरून त्यावरचे नाकडोळे पार पुसले गेले आहेत. नुसती एक बाई उभी आहे एवढे दिसते. कोणती, ते सांगता येत नाही.

मी शनिवारी शनिवारी घरी जाते. दादांच्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत. कडा फाटतात, एक बाजू करपते. आत्या मध्ये येऊन गेली, हसली, आणि मग पदर खोचून पीठ कसे मळायचे ते दाखवून गेली. परवा संध्याकाळी शेवंतीने गोष्ट सांग म्हटले. मला वाटले, सांगता यायची नाही. पण सुरू केली. राणी केवढी होती, निऱ्या पायात कशा यायच्या, चाळणीला गारा कसा थापला... आणि ती जागा आली. मी थांबले. आता उत्तर मला द्यायचे होते.

शेवंतीनेच विचारले, "राजा कुठं हुता?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिनेच बोट दाखवले. "ह्यो काय! भाकरी थापतोय."

दादांनी वर पाहिले नाही. तव्यावरची भाकरी उलटली, काढली, तिची करपलेली कड मोडून बाजूला ठेवली. मग चांगल्या बाजूचा एक तुकडा तोडला आणि उठून खुंटीवरच्या टाकाला टेकवला.

"घ्या," ते म्हणाले. "मीठ कमी असंल तर सांगा."