वीस अंड्यांची साक्ष

"गेटच्या आत पाय नका टाकू, डॉक्टरसाहेब. सकाळी तुमी शेजारच्या फार्मवर होते, मले मालूम आहे."

वंदनाताईंचं बरोबर होतं. पातूर रस्त्यावर त्यांचं शेड आहे. अंडी देणाऱ्या चार हजार कोंबड्या. अर्ध्या किलोमीटरवरच्या फार्ममध्ये राणीखेत आला होता. हा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही, आणि तो बुटाला चिकटूनही पोचतो. ताईंनी महिन्यापूर्वी कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून लस दिली होती. ती लागू झाली नसेल, तर आठवड्याभरात शेड रिकामं होऊ शकत होतं. मी व्हेटर्नरी डॉक्टर, अकोल्यात माझी छोटी लॅब आहे. तपासायला रक्त हवं होतं आणि गेट बंद होतं.

"मग वीस अंडी द्या," मी म्हणालो.

"रक्त सोडून अंडे? ऑम्लेट खायचं असन तं सरळ सांगा ना!"

तरी त्यांनी ट्रे गेटबाहेर ठेवला.

कोंबडी रोगाशी लढणारी प्रतिपिंडं रक्तातून बलकात उतरवते. ती पिल्लासाठी असतात. लॅबमध्ये आम्ही खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये बलक पातळ करतो, पुढच्या प्रत्येक खळग्यात दुप्पट पातळ. त्यात मारलेला विषाणू आणि तांबड्या पेशी घालतो. प्रतिपिंडं असली तर पेशी तळाशी बसतात, लाल टिकली दिसते. टिकली कितव्या खळग्यापर्यंत दिसते, तो आकडा म्हणजे टायटर. मला सात-आठची अपेक्षा होती. वीसपैकी सतरा अंडी तीनच्या पुढे गेली नाहीत.

आकडा वाईट होता. तरी मी प्लेटकडे बघत बसलो. बलक भरायला आठवडाभर लागतो; या कोंबड्या मी पाहिल्याही नव्हत्या, आणि आठवड्यापूर्वी त्यांच्या रक्तात काय होतं ते मी वाचत होतो. अशा शेडमध्ये कोंबडा नसतो. त्या अंड्यांतून पिल्लू कधीच निघणार नव्हतं. तरी प्रत्येक कोंबडीनं, जवळ होतं तेवढ्यातलं थोडं, त्या न होणाऱ्या पिल्लासाठी काढून ठेवलं होतं. पंचवीस वर्षं मी हे आकडे लिहितोय. इतका विचार आधी केला नव्हता.

मी फोन लावला. "ताई, लस लागू झालेली नाही."

"झूट बोलते तुमची मशीन! म्या सोता देली. बाटल्या बर्फाच्या डब्यात आणल्या, पाण्यातलं ब्लीचिंग दोन दिवस आधी बंद केलं, पाणी विहिरीचं."

सगळं बरोबर होतं. मग मी विचारलं, "टाकीतलं पाणी किती गरम होतं?"

"गरम कावून राहीन? बर्फाच्या दोन लाद्या टाकल्या ना! पाणी थंड ठेवा, हे तुमीच सांगतलं."

"बर्फ कुठला?"

"अकोल्याच्या कारखान्यातला."

म्हणजे बहुधा नळाच्या पाण्याचा. त्याच कारखान्यातून मी तुकडा आणला, वितळवला, क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होता. लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. क्लोरीननं तो टाकीतच मेला होता. आणि सूचना माझी होती.

दुसऱ्याच दिवशी पहाटे ताईंनी पुन्हा लस दिली. विहिरीचं ताजं पाणी, त्यात दुधाची पावडर. ती उरलासुरला क्लोरीन मारते. बर्फ नाही. गेट बंदच. रोज सकाळी फोन यायचा.

"आज दोन मेल्या. रोजच्यासारख्याच."

"ठीक आहे."

"तुमी ठीक म्हणता, इकडे मले रात्री तीनदा उठून शेड पाहा लागते."

महिन्यानं पुन्हा वीस अंडी आली. एकोणीस अंड्यांचा टायटर आठ किंवा वर, एकाचा पाच. एवढ्या थेंबभर लशीचं त्या जिवांनी एवढं केलं होतं! रोग शेडमध्ये शिरला नाही. लशीमुळे की बंद गेटमुळे, ते मी सांगू शकत नाही. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही.

आता मी कुणालाही नुसतं 'पाणी थंड ठेवा' असं सांगत नाही. थंड कशानं करणार, ते आधी विचारतो.