नाडी का उडते?

हैदराबादच्या कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूत होतं, आणि त्याचा तिथे केवढा तोरा! साहेबाच्या भाषेवाचून विज्ञान शिकवून दाखवलं म्हणून छाती फुगवून फिरणारे प्राध्यापक मी पाहिलेत. त्यांचं चुकत नव्हतं. फक्त इंग्रजी उठवून तिच्या जागी जी 'आपली जबान' बसवली, ती माझी नव्हती. तुझी कोणती, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

नांदेडला वडील दिवसभर कचेरीत उर्दू लिहायचे आणि घरी आले की पायांबरोबर तीही धुऊन टाकायचे. घरात उर्दूचा शब्द काढायची सोय नव्हती. त्यामुळे मला ती वाचता यायची, लिहिता यायची, पण तिच्यात विचार करणं कधी जमलं नाही. मग मी आमच्या घरातला जुना उपाय केला. लहानपणी स्तोत्रं पाठ केली तशी शरीरशास्त्राची अख्खी किताब पाठ केली. अर्थाच्या वाटेला गेलोच नाही. लेखी परीक्षेत ते खपून गेलं.

तोंडीला मात्र माझी पाचावर धारण बसायची. मागच्या साली मी तिथेच आपटलो होतो. या खेपेला नापास झालो की नाव कटणार, डॉक्टरकी संपली, आणि जन्मभर नांदेडच्या कचेरीत नकला करत बसायचं.

समोर बसलेले म्हातारे प्राध्यापक भले होते. ती किताब इंग्रजीतून उर्दूत त्यांनीच आणली होती. त्यांनी माझं मनगट हातात धरलं आणि विचारलं, "बेटा, ये नब्ज क्यों चलती है?"

उत्तर मला पाठ होतं. पण ते रक्ताच्या धड्यात पार मधे होतं, आणि स्तोत्र काही मधूनच म्हणता येत नाही. मी धड्याच्या पहिल्या ओळीपासून लागलो. त्यांनी थांबवलं. "सिर्फ नब्ज, बेटा." मी परत पहिल्या ओळीवर गेलो. त्यांनी पुन्हा थांबवलं, तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं.

त्यांना दया आली. "अपनी मरहटी में बोलो," म्हणाले. शेजारी प्रयोगशाळेतले साहाय्यक बसले होते, लातूरच्या व्यापारी घरातले, कपाळाला विभूती. "घाबरू नगंस," ते मला म्हणाले. "आपल्या बोलीत सांग. म्या सायबाला समजावतो."

याच घटकेसाठी मी किती नवस केले होते! तोंड उघडलं.

"काळीज धडधडतं, म्हणून."

"हाव. आन् मग? मनगटात कसं येतं ते?"

पुढे काहीच नव्हतं. शोध शोध शोधलं. मराठीत मी जे काही शिकलो ते चौथीपर्यंत, पुढची सगळी शाळा उर्दूत. त्या भाषेत मी अजून चौथीतलाच होतो. इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

म्हाताऱ्यांनी अखेरचा दोर टाकला. साहाय्यकांना म्हणाले, "आप इसे मरहटी में समझा दीजिए. समझ गया तो पास."

साहाय्यक उठले. हीच गोष्ट ते वर्षानुवर्षं पोरांना उर्दूत शिकवत आले होते. "हे बघ," त्यांनी सुरुवात केली. "खून जे हाय ना, ते कल्बमधून…" आणि थांबले. रक्ताला आणि काळजालाही तोंडात उर्दूच शब्द आला होता. परत सुरू केलं, परत थांबले. हातानं हवेत काहीतरी दाखवलं. मग खाली बसले.

प्राध्यापकांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि माझ्या नावापुढे नापास लिहिलं.

साहाय्यक माझ्यामागोमाग व्हरांड्यात आले. त्यांनी माझा खांदा धरला, पण बोलताना नजर दुसरीकडंच होती.

"माझ्या तोंडीला कुणी म्हराठीत इचारलं न्हाई," ते म्हणाले. "इचारलं असतं, तर म्याबी हितं नसतो."

आतून पुढच्या पोराचं नाव पुकारलं, तसे ते परत आत गेले.