दृष्ट लागू नये म्हणून
कंपनीच्या माणसाला मी माझ्याच तोंडाने सांगितलं की माझी नात आळशी आहे. काल शेजारणीच्या बाळाची दृष्ट काढताना जळक्या मोहरीचा वास आला आणि तो गाढवपणा आठवला. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, अक्कल यायची होती. पूर्णगडच्या मच्छीमारांना भरती-ओहोटीची वेळ सांगणारं ॲप नातीने बनवलं होतं. ते पाहून एका मोठ्या कंपनीने तिला वर्षभर फुकट शिकवायचं जवळजवळ ठरवलं होतं. लॅपटॉपही देणार होते. तिचे आईबाप मुंबईला, पोर माझ्यापाशी, म्हणून कंपनीच्या माणसाने माझ्याशी बोलायला व्हिडिओ कॉल लावला. पोरीला बाहेर पाठवून मी कोकमासाठी रातांबे फोडत बसले, कोपरापर्यंत हात लाल. "आजी, हे सगळं तिने स्वतः केलंय ना?" त्याने किती गोड विचारलं! पण परक्यासमोर पोरीचं कौतुक केलं तर दृष्ट लागते, हे मला पक्कं ठाऊक. म्हटलं, "कसलं स्वतः! मेली आळशी आहे हो. दिलं असेल कुणीतरी करून." तो हसला, मीही हसले, वर जेवायला यायचं आमंत्रणही दिलं. आठवड्याने नकार आला. काम तिचंच असल्याची खात्री पटली नाही, असं लिहिलं होतं. पोरीने ते दोनदा वाचलं. मग मी काय बोलले होते ते कबूल केलं, म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच गो." आळीतल्या बाया अजून पोरं माझ्याकडेच आणतात दृष्ट काढायला, नात मात्र तेव्हा एवढंच म्हणाली, "दृष्ट लावायला बाहेरचे लोक कशाला हवेत गो आजी? तू आहेस ना घरात."