बारीक माणसांच्या मॅडम

लग्नाच्या पंगतीत जिलबी खाऊन झाली की डॉ. नलिनी घाटबांधे पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढायच्या आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या बोटाला सुई टोचायच्या. शेजारची बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायची. एखाद्या आजोबांना वाटायचं, शुभकार्यात हे काय रक्त काढणं! मॅडमना कुणाची पर्वा नव्हती. पट्टीवर थेंब घेऊन आकडा वाचायच्या आणि मला म्हणायच्या, "पाह्य वं वंदने, जिलबीनं काय केलं ते. गोळाभातानं एवढं नव्हतं केलं." त्यांना स्वतःला मधुमेह नव्हता. तरी आपल्याकडचा एकेक पदार्थ त्या स्वतःच्या अंगावर मोजत सुटल्या होत्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "उंदरांवर करता तेव्हा चालते ना? मी तर खात्यापित्या घरची आहो."

मी आहारतज्ज्ञ. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे छापील तक्त्यांचा गठ्ठा होता. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, भात बंद, वजन कमी करा. पहिल्याच दिवशी तो तक्ता मी एका पेशंटच्या हातात दिला आणि मॅडमनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "या माणसाकडे पाह्यलं का तू? बरगड्या दिसून राहिल्या त्याच्या. याचं वजन कमी केलं तर उरन काय?" असा आवाज की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मला रडूच आलं. दुपारी डब्यातली भाकरी अर्धी माझ्या ताटात टाकून त्यांनी शांतपणे समजावलं. मधुमेहावरची पुस्तकं पोट सुटलेल्या माणसांकडे बघून लिहिली गेली आहेत. आपल्याकडे काटकुळ्या माणसांनाही मधुमेह होतो. त्यांच्या अंगात मुळात मांस कमी, आणि इन्सुलिनही कमी. त्यांना आणखी उपाशी ठेवणं म्हणजे उपचार नव्हे, छळ आहे. ही बारीक माणसं हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

त्या मूळच्या भिवापूरच्या. तिथली मिरची प्रसिद्ध, त्यामुळे कॉलेजात प्रत्येक नवा माणूस 'मॅडम तिखट का ते आता कळलं' असं म्हणायचाच. मॅडम त्याच्याकडे अशा बघायच्या की तो पुन्हा विनोद करायच्या भानगडीत पडायचा नाही. एरवी शुद्ध मराठी बोलायच्या, पण रागावल्या किंवा पेशंटशी बोलायला लागल्या की भाषा सरळ भिवापूरची व्हायची.

नागपूरजवळच्या खापा गावचे मारोतराव आमच्याकडे यायचे. हातमागावर साड्या विणणारा माणूस, अंगाने अगदी वाळकी शेंग. दर वेळी त्यांची सकाळची साखर अगदी झकास यायची आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मात्र भयंकर. मॅडमनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि विचारलं, "मारोतराव, खरं सांगा. परवापासून काय खाल्लं तुम्ही?"

मारोतरावांऐवजी बरोबर आलेली त्यांची बायको, सुभद्राबाई, बोलली. "काही नाही खाल्लं जी त्यायनं. दोन दिस नुसता काळा चहा. म्हणत होते, रिपोर्ट खराब आला तर मॅडमले वाईट वाटन."

मी कपाळावर हात मारला. पण हे एकट्या मारोतरावांचं नव्हतं. आपल्याकडे साखरेची तपासणी म्हणजे परीक्षा! आदल्या आठवड्यात गोड बंद, भात बंद, पहाटे फिरणं सुरू. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी हलवायाकडे. डॉक्टर शाबासकी देतात, पेशंट खूश होतो, आणि आजार आतल्या आत आपलं काम करत राहतो.

मॅडम खुर्चीतून उठून मारोतरावांच्या शेजारी बाकावर बसल्या. "मले वाईट वाटाचं ते मी पाहून घेईन गा. तुम्ही जेवत जा. मले चांगला रिपोर्ट नाही पाह्यजे, खरा पाह्यजे."

त्यानंतर त्यांनी कामाची पद्धतच बदलली. वेळ देऊन बोलावणं कमी केलं आणि न सांगता पेशंटच्या घरी जायला सुरुवात केली. आम्ही दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊन टपकायचो. घरचे जे जेवत असतील तेच मॅडम जेवायच्या, मग सगळ्यांबरोबर स्वतःचीही साखर मोजायच्या. कुठे नुसता भात आणि पाण्यासारखं वरण, कुठे भाकरी आणि ठेचा. पाहुणी आली म्हणून कुणी शिरा करायला उठलं की ओरडायच्या, "बसा वं बाई खाली! रोजचं वाढा." औषधाची रिकामी पाकिटं मागून बघायच्या. गोळी घेतली की नाही, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचंच नसायचं. परत येताना गाडीत एकदा म्हणाल्या, "आपण यांना कमी खा म्हणून सांगत होतो, वंदना. लाज वाटते मला."

याच सुमारास एका औषध कंपनीच्या नव्या गोळीचा अभ्यास आमच्याकडे आला. मॅडम त्याच्या प्रमुख. गोळी साखर उतरवायची आणि भूकही मारायची. पोट सुटलेल्यांना तिचा फायदा होत होता, मॅडमनी तो मोकळेपणाने लिहिला. पण बारीक माणसं त्या गोळीने आणखी वाळायला लागली. मारोतरावांना मागावर बसल्या बसल्या चक्कर आली. मॅडमनी त्याच दिवशी त्यांची गोळी बंद केली, इन्सुलिन सुरू केलं, आणि झालेलं सगळं कंपनीला कळवलं.

पंधरवड्यात डीन साहेबांच्या खोलीत बैठक लागली. कंपनीचा माणूस फार गोड बोलणारा होता. म्हणाला, "मॅडम, हे बारीक पेशंट सूचना पाळत नाहीत. तपासणीआधी उपाशी राहतात. त्यांना अभ्यासातून वगळू या. कारण लिहून टाकू, सूचना पाळल्या नाहीत." डीन साहेबांनी मान डोलावली. अभ्यास नीट पार पडला तर विभागाला नवी प्रयोगशाळा मिळणार होती.

"त्यांना वगळलं तर गोळी बाजारात सगळ्यांसाठी म्हणून येईल," मॅडम म्हणाल्या. "मग गावोगावचे डॉक्टर ती मारोतरावांसारख्यांना लिहून देतील. त्यांनी वाळून मरायचं का?"

"पण उपाशी राहतात हे तर खरं ना?" डीन साहेब म्हणाले.

"उपाशी राहत होते. मी घरी जायला लागले तेव्हापासून नाही. आणि साहेब, वार्षिक तपासणी आली की तुम्हीही आठवडाभर गुलाबजाम सोडता. तुमचं रक्त माझ्याच लॅबमध्ये येते. तुम्हाले काढलं का कोणी?"

डीन साहेबांचा चेहरा लालबुंद. हे चारचौघांत बोलायला नको होतं, कबूल. पण मला मनातून काय आनंद झाला म्हणून सांगू! कंपनीच्या माणसाने नव्या प्रयोगशाळेचा विषय काढला तेव्हा मॅडम उठल्याच. "नव्या लॅबमध्ये खोटं मोजाचं असन तर माही जुनीच बरी." दार आपटून बाहेर. मी मागोमाग.

महिन्याभरात त्यांना अभ्यासाच्या प्रमुखपदावरून काढलं. बारीक माणसांची ओपीडी बंद झाली. मॅडमनी सक्करदऱ्यातल्या आपल्या घराचा पुढचा व्हरांडा मोकळा केला आणि दर मंगळवारी तिथे पेशंट बघायला लागल्या. बारीक माणसांची सगळी हकीकत पुन्हा लिहून औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे पाठवली. उत्तर आलं नाही, तर पुन्हा पाठवली. "थकत नाही का तुम्ही?" मी विचारलं. "थकते ना. माणूसच आहो. पण ते लोक मले थकाची वाटच पाहून राहिले. त्यायले कायले ते सुख देऊ?"

मागच्या हिवाळ्यात मॅडम हृदयविकाराने गेल्या, एका सकाळी, अचानक. मी कितीतरी दिवस वेड्यासारखी रडत होते. आई गेली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

कॉलेजने शोकसभा ठेवली. फोटोला हार, उदबत्ती, सगळं व्यवस्थित. डीन साहेब बोलायला उठले आणि म्हणाले, मॅडम अतिशय मृदू स्वभावाच्या होत्या. मृदू! मॅडम! मी दातओठ खात बसले. पुढे म्हणाले, गोळीचा अभ्यास आता पूर्ण होत आला आहे आणि तो अहवाल आपण डॉक्टर घाटबांधे यांच्या स्मृतीस अर्पण करणार आहोत.

तो अहवाल मला ठाऊक होता. त्यातून बारीक माणसं काढलेली होती. त्यांनी सूचना पाळल्या नाहीत, या वाक्याखाली घरोघर जाणारी म्हणून माझी सही हवी होती आणि आठवडाभर माझ्यामागे तगादा चालला होता.

मी उभी राहिले. "साहेब, बारीक माणसं परत घ्या, मग मॅडमचं नाव घाला. नाहीतर त्या अहवालाला त्यांचं नाव लावू नका. आणि ते वाक्य खोटं आहे. मी सही करणार नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. डीन साहेबांनी घाईघाईने माइक ओढला. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू या." सगळे उभे राहिले, माना खाली. मी आधीच उभी होते. बोलायची थांबले नाही. मारोतरावांच्या घरी पाहिलेली त्या गोळीची रिकामी पाकिटं सांगितली, त्यांना आलेली चक्कर सांगितली. पुढच्या रांगेतलं कुणीतरी "शू... शू..." करत होतं.

तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळून आवाज आला. मारोतराव खाप्याहून आले होते हे मला माहीतच नव्हतं.

"साहेब, मी गोळी रोज घेतली जी. देवाशप्पथ घेतली. अन् मी जित्ता आहो अजून. मले काहून काढून राहिले?"

डीन साहेबांनी मान खालीच ठेवली. बाकीच्यांच्या माना मात्र एकेक करून वर आल्या आणि मागे वळल्या. मॅडमच्या शोकसभेत दोन मिनिटांची शांतता काही झाली नाही.