आर्द्रतानिवारिका

तो कुणाच्याही घरी गेला की चहाचे चार थेंब मुद्दाम सांडायचा. टेबलक्लॉथवर, गादीच्या अभ्र्यावर, एकदा तर आमच्या प्राचार्यांच्या शालीवर. मग डोळे बारीक करून, वाकून पाहायचा आणि निकाल द्यायचा, "पेत नाई." म्हणजे कापड पाणी पीत नाही, टिपत नाही. चहा सांडणारे पाहुणे तुम्हीही पाहिले असतील, सांडल्यावर कापडाची परीक्षा घेणारा मी हा एकच पाहिला.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तो रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, मी मराठी शिकवायचो. त्याचं घर वलगावचं, भाजीपाला पिकवणारं. सायकलला पिशवी लटकवून तो आमच्यासाठी वांगी आणायचा, आणि ती खायला कुणी धजत नसे, कारण पिशवी प्रयोगशाळेतून आलेली असे.

प्रयोगशाळेचा एक कोपरा त्याने बळकावला होता. जिनिंगमधून फेकलेला कापूस तो कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळायचा, मग त्यावर सडक्या कोबीच्या वासाचं एक औषध ओतायचा. कापसाचा मधासारखा नारिंगी पाक व्हायचा. त्यात क्षाराचे खडे कालवायचे, साच्यात भरायचं, उकळायचं. खडे विरघळून जात, त्यांच्या जागी भोकं उरत. धुतल्यावर हाती येई ती स्पंजासारखी मऊ वडी. तांब्याभर पाणी सांडा, वर ती ठेवा, टेबल कोरडं.

पण वड्या वाळल्या की लाकूड होत. एकीने त्याने माझ्यासमोर भिंतीत खिळा ठोकून दाखवला. "पेते, पण अकडते," तो म्हणाला. "पुण्याच्या पाहुण्यासारखी." पुढे दोन वर्षांनी ग्लिसरीनचा उपाय सापडला आणि अकड गेली. वडीची.

"एवढा खटाटोप कशासाठी?" मी एकदा विचारलं. "पाणी टिपायला फडकं काय वाईट?"

"पाण्यासाठी कोण करून राह्यलं, प्रोफेसर? रगतासाठी करून राह्यलो. बाळंतिणीच्या."

आणि मग त्याने ते सांगितलं. एकदाच. त्याची थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीच्या खोलीसाठी घरात चिंध्या वेगळ्या काढून ठेवायची रीत, त्याही घरातल्या सगळ्यांत वाईट. विटाळाला चांगलं कापड कोण देतं? तेव्हा गोठ्यात फाटक्या गोधडीचे तुकडे पडले होते. त्या तुकड्यांनी वासरू पुसत.

"मीच आणून देल्या त्या चिंध्या," तो म्हणाला. "मॅट्रिकले होतो. जंतू कशाले म्हणतात ते पुस्तकात वाचलं होतं, पेपरात लिहिलं होतं, मार्कंबी भेटले होते. आमची बाई नवव्या दिवशी तापानं गेली."

नंतर तो उठला आणि बशीतल्या वडीवर पाणी ओतू लागला.

बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चार वड्या वापरून पाहिल्या. उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा घ्यायच्या. "अख्ख्या वॉर्डाला पुरतील इतक्या द्या," त्या म्हणाल्या. तेवढ्या करायच्या तर एक शेड हवी, भट्टी हवी, वरची मंजुरी हवी. आणि मंजुरी देणारे साहेबच अकोल्याच्या कापूस प्रदर्शनाचं उद्घाटन करणार होते. कॉलेजने तिथे स्टॉल घेतला.

स्टॉलवरच्या पाटीचा मजकूर त्याने स्वतः लिहून दिला: 'बाळंतिणीचं रक्त टिपण्यासाठी. उकळा, वाळवा, पुन्हा वापरा.' प्राचार्यांनी तो वाचला आणि मला बोलावलं.

"अहो, साहेब सहकुटुंब येताहेत. रक्त काय, बाळंतीण काय! जरा सभ्य काही सुचवा."

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'आर्द्रतानिवारिका. फळा, पाटी व मेज यांसाठी सर्वोत्तम.' त्या शब्दाचा मला अभिमान वाटला, हेही इथे लिहून ठेवतो. मोठमोठ्या शब्दांची टर उडवणारा म्हणून माझी गावात ख्याती होती.

अकोल्यात त्याने पाटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. हातातला अर्धा कप चहा त्याने सावकाश पाटीवर ओतला. तो ओघळून खाली गेला.

"पेत नाई, प्रोफेसर," तो म्हणाला. "तुमचा शब्द पेत नाई."

साहेब आले. प्राचार्यांनी वडी गुलाबपाण्यात बुडवून पुढे केली. साहेबांनी ती कपाळाला लावली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात हा पुढे घुसला.

"साहेब, हे कपाळासाठी नाई जी. बाळंतिणीच्या रगतासाठी आहे. मंजुरी द्या, बाया मरून राह्यल्या."

साहेबांनी वडी निखारा ठेवावा तशी खाली ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. त्यांच्या पत्नीने तेवढा हात पुढे केला होता, वडी दाबून पाहायला. प्राचार्यांनी लगबगीने तबक उचलून घेतलं. मी तिथेच उभा होतो, पाटीशेजारी.

मंजुरी महिनाभराने आली. शाळा-कॉलेजांच्या फळ्यांसाठी. दवाखान्याबद्दल तीत एक अक्षर नव्हतं. फळ्यांपुरत्या वड्या त्याच्याकडून करून घेतल्या आणि मग त्याच्या कोपऱ्याचा कॉस्टिक सोडा बंद केला. तो स्टाफरूममध्ये आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "खडू पुसाले वडी, अन् बाईले चिंधी? काहून जी?" सगळे वर्तमानपत्रात शिरले. मीही. त्या दिवसाची एकही बातमी मला आठवत नाही.

त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही. येता-जाता दिसायचा, तेव्हा त्याचे हात थरथरत. त्या कोबीच्या वासाच्या औषधाने, असं डॉक्टरीणबाई म्हणत. काही वर्षांनी तो गेला.

शोकसभा मोठ्या वर्गात झाली. त्याचं नाव फळ्यावर ठळक लिहिलं होतं. शोकप्रस्ताव लिहायला अर्थात मलाच सांगितलं. या वेळी मी एकही मोठा शब्द वापरला नाही. 'बाळंतिणीचं रक्त टिपणारी वडी त्यांनी केली आणि आपण ती फळ्याला दिली,' असं सरळ लिहिलं. प्राचार्य वाचत वाचत त्या ओळीपाशी आले, खोकले, चष्मा सारखा केला, आणि पुढच्या ओळीवर गेले. दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मी तेव्हाही उभाच होतो, मान खाली घालून.

सगळे गेल्यावर शिपाई वर्ग आवरायला आला. फळ्याखाली त्याची वडी पडली होती. ग्लिसरीन कधीच धुऊन गेलेलं, खडूने पांढरी झालेली, दगडासारखी. शिपायाने ती बादलीत टाकली, क्षणभर थांबला, काढून पिळली आणि फळ्यावरून हात फिरवला. नाव गेलं.

"पायलं का सर?" तो कौतुकाने म्हणाला. "इतके वर्षं झाले, पण अजून काय पेते!"